पितळी म्हणून दिलेली बिजागरी

जुन्या बिजागरीजवळ सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटलं तर त्यात तुमची चूक नाही, मित्रांनो. दार उघडताना माणसाचा हात कडीला लागतो आणि डोळे आतल्या वस्तूंकडे जातात. दाराचं सगळं ओझं अंगावर घेऊन मागे गप्प उभ्या असलेल्या बिजागरीकडे कुणी बघत नाही. माझ्याकडेही कुणी नीट बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

सध्या मी दिंडोरीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात, गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये पडून असते. दोन पाती, मधे नळी, नळीत पिन, अशी मी साधी बिजागरी. माझं एक पातं वाकलेलं आहे. पिन गंजून नळीत घट्ट बसली आहे, त्यामुळे मला आता पूर्ण मिटता येत नाही आणि पूर्ण उघडताही येत नाही. अंगावर मधे मधे थोडा पिवळा रंग शिल्लक आहे. या पिवळ्या रंगानेच घात केला.

माझा जन्म इथला नाही. लांबच्या कुठल्याशा शहरातल्या लहान कारखान्यात मला कापलं, वळवलं, भोकं पाडली. मला आठवतो तो फक्त कानठळ्या बसवणारा आवाज. मग कुणीतरी मला एका टाकीत बुडवून बाहेर काढलं, तेव्हा मी पिवळी धमक झाले होते. मी कशाची आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. माझ्यासारखीच दुसरी एक बहीण सोबत देऊन आम्हाला खोक्यात घातलं आणि दिंडोरीला पाठवलं. तिथे वर्षभर आम्ही मागच्या खोलीतल्या फळीवर अंधारात पडून होतो.

दुकान दिनेशचं. माणूस गोडबोल्या, हसतमुख. गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. "नाही" हा शब्द त्याच्या तोंडून सहसा निघत नसे. एखादी वस्तू दुकानात नसली तरी तो म्हणायचा, "आहे ना, बसा." मग मागे येऊन त्याच्यासारखी दिसणारी काहीतरी वस्तू शोधायचा.

देवराम त्याचा शाळेतला मित्र. सातवीपर्यंत दोघे एका बाकावर बसले होते. पुढे दिनेशने वडिलांचं दुकान सांभाळलं. देवरामचं घर वर पेठच्या डोंगरातलं; शाळेपुरता तो दिंडोरीच्या वसतिगृहात राहायचा. लग्नानंतर तो बायकोला, भिमाबाईला, घेऊन परत खाली आला आणि दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेत राखणीला राहिला. बागेच्या कडेला दोन खोल्या आणि त्यांना लागून पाण्याच्या मोटारीची खोली. दरवर्षी गावी जाऊन आला की देवराम दिनेशसाठी नागलीचं पीठ आणि करवंदं घेऊन यायचा. दिनेशच्या आजारी आईला नागलीची पेज आवडायची. ती माउली गेली तेव्हा खांदा द्यायला देवराम होता. असं त्यांचं नातं होतं.

त्या दिवशी देवराम दुकानात आला तेव्हा बसलाच नाही.

"दिनेश, कपाट केलंय मी. घरीच. आता दार लावायचंय. बिजागऱ्या दाखव."

"तू कधीपासून सुतार झालास?"

"व्हावं लागलं. मोटारीच्या खोलीत फवारणीचं औषध असतं ना, उघड्या फळीवर. काल स्नेहलच्या हातात रिकामी बाटली सापडली. तोंडाला लावायच्या आत भिमानं हिसकून घेतली."

स्नेहल म्हणजे त्याची नात. तेव्हा ती दीड वर्षांची होती. तिचे आईवडील पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला जायचे आणि ती दिवसभर आजीआजोबांपाशी असायची. तिचे वडील म्हणजे देवरामचा मुलगा धनराज. त्यानेच पॅकहाउसमधल्या मोडक्या पेट्यांच्या फळ्या आणून दिल्या होत्या आणि देवरामने त्या फळ्यांचं कपाट ठोकलं होतं.

"लोखंडी नको बरं का," देवराम म्हणाला. "त्या खोलीत मोरचूद, गंधक, सगळं असतं. पत्र्याचा डबा ठेवला व्हता, सहा महिन्यात त्याचं बूड गळून पडलं. पितळीच पायजे."

"आहेत ना. थांब, आणतो."

दिनेश मागच्या खोलीत आला. पितळी बिजागऱ्यांचं खोकं त्याने उघडलं. ते रिकामं होतं. मी वरच्या फळीवरून बघत होते. रिकामं खोकं हातात धरून तो क्षणभर उभा राहिला. "संपल्यात रे, चार दिवसांनी ये," एवढंच बाहेर जाऊन सांगायचं होतं. त्याने आमचं खोकं खाली काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि आम्हाला बाहेर नेलं.

"ही घे. एक नंबर पितळ."

मित्रांनो, त्या क्षणी मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला मी कोण आहे ते सांगितलं होतं. मी पितळ. मी ते मनापासून खरं मानलं.

देवराम तेवढ्यात काउंटरवरच्या कड्या बघत होता. त्याच्यासमोर तीन वस्तू होत्या: एक आकडा, एक कडी आणि एक चुंबकाचा कॅच. त्याने चुंबकाचा कॅच उचलला, दोनदा टकटक लावून बघितला आणि मान हलवली.

"ह्याचा काय भरवसा? पोरीनं जोर लावला की निघंल. कडीच दे. ती वरच्या कोपऱ्यात लावतो, तिचा हात पुरायचा नाय."

तो चुंबक काउंटरवर माझ्यापासून वीतभर अंतरावर पडला होता. दिनेशने तो हळूच उचलला आणि खणात टाकला. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. मला वाटलं, नीटनेटका माणूस आहे.

देवरामने पैसे काढले तसा दिनेशने त्याचा हात धरला. "राहू दे. स्नेहलसाठी माझ्याकडून."

"अरे, पितळ फुकट देतोस?"

"मित्र कशाला असतो मग? आणि ऐक, पितळेला तेलपाणी काही लागत नाही. एकदा लाव आणि विसरून जा."

देवरामला भरून आलं होतं. त्याने आम्हाला खिशात न टाकता रुमालात बांधून नेलं.

दुसऱ्याच दिवशी त्याने दार बसवलं. पटाशीने खाच करताना तो पुन्हा पुन्हा मला तिथे ठेवून बघायचा, काढायचा, केसभर लाकूड खरवडायचा, परत ठेवायचा. भिमाबाई दार तोलून धरून उभी होती. "झालं का? हात भरून आले माझे," ती म्हणाली. "उगी राहा," तो म्हणाला, "पोरीच्या जिवाचं काम हाय." वर माझी बहीण बसली, खाली मी बसले. वरच्या कोपऱ्यात कडी लागली. मग देवरामने एका बोटाने दार ढकललं. ते असं हलकं मिटलं, की भिमाबाई हसली आणि म्हणाली, "माझ्या वाट्याला आला तो माणूस बरा निघाला म्हणायचा."

पुढचे सहा-सात महिने माझे सुखाचे गेले. बागेत येणारे मजूर, फवारणीवाला, शेजारच्या वस्तीवरचा हिरामण, जो येईल त्याला देवराम कपाट दाखवायचा. कपाटाचं कौतुक झालं की तो आमच्याकडे बोट करायचा. "पितळी हायेत. दिनेशनं दिल्या, एक पैसा घेतला नाय." ऐकणारे म्हणायचे, असा मित्र पाहिजे. मी माझ्या जागी ताठ उभी असायची.

एक गोष्ट मात्र मला कधीकधी खुपायची. देवराम लोखंडाला फार जपणारा माणूस होता. दर महिन्याला तो तेलाची बुधली घेऊन निघायचा. मोटारीचा पंखा, सायकलची साखळी, खिडकीच्या कड्या, कशाचीही पाळी तो चुकवत नसे. आमच्या दाराची कडी लोखंडी होती, तिलाही तेल मिळायचं. बुधलीची चोच माझ्या डोक्यावरून वर जायची, कडीवर दोन थेंब पडायचे, आणि तो फडक्याने हात पुसत पुढे जायचा. माझ्यासाठी तो कधी थांबला नाही. पितळेला तेल कशाला?

एप्रिलची छाटणी झाली, ऑक्टोबरची झाली, परत एप्रिल आला. फवारण्या चालूच होत्या. मोरचुदाची निळी धूळ माझ्या अंगावर बसली, तिचा थर झाला. बाहेरून मी निळी-हिरवी दिसत होते. आत नळीमध्ये मात्र काहीतरी वेगळंच चाललं होतं. आधी कचकच वाटायचं. मग पिन फिरेनाशी झाली. दार उघडलं की जे वळण मी पिनेवर घ्यायला हवं, ते मला घेता येईना. सगळा पीळ माझ्या स्क्रूंवर जायचा. दर वेळी लाकूड धरून बसलेले ते स्क्रू थोडे थोडे सैल होत गेले. मला काही समजत नव्हतं. पितळ असून माझं असं का होतंय, मी रोज स्वतःलाच विचारायचे.

देवरामच्याही लक्षात आलं. दार जड लागायला लागलं होतं आणि माझ्याखाली लाकडावर तांबूस ओघळ उतरला होता. तो दिंडोरीला जाऊन विचारून आला आणि भिमाबाईला सांगू लागला.

"दिनेशला इचारलं. तो म्हनला, स्क्रू लोखंडी हायेत, त्यांचं पानी असंल. पितळ काय गंजत नाय. लाकूड फुगलंय म्हनून दार दाटतंय."

मित्रांनो, पहिल्या वेळी दिनेशला "नाही" म्हणणं जड गेलं, असं एक वेळ मी समजू शकते. पण आता त्याचा मित्र स्वतःहून विचारायला आला होता. त्याला माहीत होतं की त्या कपाटात काय आहे आणि त्या घरात कोण खेळतं आहे. खरं सांगायची संधी चालून आली होती. त्याने परत खोटं सांगितलं आणि वर चहा पाजला.

देवरामने रंधा काढला आणि दाराची बिचारी निर्दोष कड तासून टाकली.

त्या हिवाळ्यात स्नेहल साडेतीन वर्षांची झाली होती. बोलायची भारी गोड. तिच्या शेळीला एक करडू झालं होतं, पांढऱ्यावर काळे ठिपके, म्हणून त्याचं नाव बांडी. बांडी तिच्या मागे मागे फिरायची. मध्यंतरी स्नेहलला खोकला झाला तेव्हा आजीने तिला चमच्याने औषध पाजलं होतं, आणि ती बरी झाली होती. मग बांडी खोकायला लागली.

आता बघा, खोकल्याचं ते औषध आणि आमच्या कपाटातलं तेही औषधच. "औषध संपलं", "औषध मारलं का", "औषधाची गाडी आली", असं ती दिवसातून दहा वेळा ऐकायची. मोठ्यांना फरक कळतो. तिला कसा कळावा?

त्या सकाळी फवारणीवाला घाईत होता. ट्रॅक्टर चालू ठेवून तो बाहेरून हाका मारत होता. देवरामने दार ओढलं, ते हललं नाही. त्याने हिसका दिला. माझ्या एका पात्याच्या चार स्क्रूंपैकी तीन लाकडातून उपटून आले. घाईत त्याच्या ते लक्षात आलं नाही. हवी ती बाटली घेऊन त्याने दार लोटलं, वरची कडी नीट घातली, ती बसली की नाही हे ओढून बघितलं, आणि तो गेला.

कडी बसली होती. वरचा कोपरा पक्का होता. खालचा कोपरा एका स्क्रूवर लोंबत होता.

दुपारी तो शेवटचा स्क्रूही निघाला. मी धरून ठेवायचा प्रयत्न केला, खरंच केला. दार खालून तिरकं झालं आणि लहान मुलाचा हात जाईल एवढी फट पडली. थोड्या वेळाने स्नेहल बांडीला घेऊन तिथे आली. तिने फटीत डोकावलं. खालच्या फळीवर रबर लावून ठेवलेली एक अर्धी पुडी होती. तिने ती ओढून घेतली. करवंटीत पाणी आणलं, पुडी त्यात ओतली, बोटाने ढवळली. आणि बांडीला कडू लागू नये म्हणून तिने ते बोट आधी स्वतःच्या जिभेला लावून बघितलं. आजी असंच करायची ना, आधी चाखून बघायची. मग तिने करवंटी बांडीच्या तोंडापुढे धरली.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. बिजागरीला ओरडता येत नाही.

भिमाबाई नागली पाखडत बसली होती. बांडीचा विचित्र आवाज ऐकून ती धावत आली. करडू पाय झाडत होतं. स्नेहलच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती "आजी, पोटात दुखतं" म्हणत होती. भिमाबाईने एका हाताने तिचे कपडे फाडून काढले, साबणाने हात-तोंड धुतलं, आणि अशी किंकाळी फोडली की बागेच्या पलीकडच्या टोकाला असलेला देवराम पळत आला. मोटारसायकलवर दोघांच्या मधे तिला धरून ते दिंडोरीला गेले. पुडीचं वेष्टण भिमाबाईने मुठीत नेलं होतं, म्हणून डॉक्टरांना विष ओळखता आलं. तिथून तिला नाशिकला हलवलं. पाच दिवस ती तिथे होती.

बांडी तेवढ्यातच गेली. धनराजने तिला बांधाच्या कडेला पुरलं.

स्नेहल वाचली. ती घरी आली तेव्हा तिला आईच्या खांद्यावरून मान उचलवत नव्हती. भिमाबाईने तिला झोपवलं, मोटारीच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि लोंबणाऱ्या दाराकडे बघून देवरामला म्हणाली, "लोकांना दाखवाया लय चांगलं केलं व्हतं."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. भाकरी वाढायची, पाणी ठेवायची, पण एक शब्द नाही. देवराम दाराजवळ येऊन बसायचा. लाकडातल्या फाटलेल्या भोकांमध्ये बोट घालून बघायचा. "भोकंच मोठी पाडली मी," तो स्वतःशी म्हणायचा. "माझाच हात कच्चा." ज्या माणसाने केसभर लाकूडसुद्धा जपून काढलं होतं, तो आपल्या हातांकडे परक्यासारखा बघू लागला. मलाही वाटायचं, चूक त्याचीच असेल. मी तर पितळ होते.

असा महिना गेला. मग एका सुट्टीच्या दिवशी धनराज पिंपळगावहून चुंबकाचा एक कॅच घेऊन आला.

"आबा, वर कडी राहू दे. खाली हा लावू. दोन्हीकडून धरील."

देवरामने नाइलाजाने दार उतरवलं आणि अंगणात आडवं टाकलं. खालची जागा मापताना त्याचा कॅच धरलेला हात माझ्याजवळून गेला.

टक्.

चुंबक त्याच्या हातातून सुटला आणि मला येऊन चिकटला. मी काही केलं नाही, मित्रांनो. माझं अंगच त्याच्याकडे ओढलं गेलं. दोन वर्षं ज्या नावावर मी जगले, ते त्या एका आवाजात संपलं.

देवरामने चुंबक काढला. परत लावला. टक्. त्याने खिशातला चाकू काढून माझ्यावरचा निळा थर खरवडला. खाली पिवळं आलं. त्याच्याही खाली काळं-तांबडं आलं.

धनराज वाकून बघत होता. "आबा, हे तर लोखंड..."

"गप," देवराम म्हणाला. त्याला राग आलेला मी बघितला नाही. रस्त्यात कुणी ओळख न दाखवता निघून जावं आणि माणूस वळून बघत राहावा, तसा त्याचा चेहरा झाला होता. मग त्याने स्क्रू काढून मला दारापासून सोडवलं. त्याच्या खिशात जाताना मला फक्त एकच गोष्ट हवी होती. त्याने मला शेतात कुठेतरी लांब भिरकावून द्यावं.

त्याने मला दुकानात नेलं. काउंटरवर मला ठेवून त्याने वर चुंबक ठेवला. दिनेशचा चेहरा पडला. आतल्या बाजूला बोलावून तो हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी पितळी संपल्या होत्या रे. तुला परत कसा पाठवणार? सगळीकडे असंच चालतं. मला काय माहीत असं होईल म्हणून."

"मी दुसऱ्यांदा आलो व्हतो तेव्हा?"

दिनेश फळीवरची खोकी सारखी करू लागला.

"मला तुझ्याकडून काय नको," देवराम म्हणाला. "भिमा माझ्याशी बोलत नाय. तिला वाटतं माझ्या हातानं झालं. मी सांगितलं तं तिला वाटंल, आपली चूक दुसऱ्यावर ढकलतो. तू ये आन् तिला सांग. एवढंच."

"येतो. रविवारी नक्की येतो. आईची शपथ."

रविवारी देवरामने अंगणात खाट टाकली. दाढी केली. शेजारून जास्तीचं दूध आणलं. दुकानातून परत आणून त्याने मला खिडकीच्या फळीवर ठेवलं होतं, तिथून मी बघत होते. दुपार झाली, ऊन कलंडलं. त्याने फोन लावला, वाजत राहिला. पुढच्या रविवारी त्याने परत खाट टाकली. परत कुणी आलं नाही.

त्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी खाट उचलायला भिमाबाई आली आणि महिना-दीड महिन्यानंतर पहिल्यांदा बोलली.

"कोनाची वाट बघता?"

देवरामने मग सगळं सांगितलं. सांगताना त्याने मला आणि चुंबकाला तिच्या हातात दिलं. तिने एकदा लावून बघितलं. मग ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा उजवा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

बाजाराच्या दिवशी ती स्नेहलला घेऊन दिंडोरीला गेली. दुकानात गर्दी होती. दिनेशने तिला पाहिलं आणि सवयीने म्हणाला, "या वहिनी, चहा..."

"चहा नको, दिनेशभाऊ." तिने मला काउंटरवर ठेवलं, चुंबक लावला. टक् असा आवाज झाला. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. "हे काय हाय, ते मला तुमच्या तोंडानं सांगा."

दिनेशने इकडेतिकडे बघितलं. "वहिनी, आत बसून बोलू."

"इथंच सांगा."

"लोखंड," तो म्हणाला.

"करडू गेलं, ते गेलं. पोरगी माझी वाचली, ही बघा, उभी हाय. पन मी दीड महिना माझ्या मानसाशी बोलले नाय. तो जेवत व्हता का, निजत व्हता का, मी बघितलं नाय. ते दिवस तुमच्या कोनच्या खोक्यात हायेत? तेवढे काढून द्या."

भिमाबाईने चुंबक उचलला, पोरीचा हात धरला आणि ती निघून गेली. मला तिने तिथेच ठेवलं. तेव्हापासून मी या ड्रॉवरमध्ये आहे.

त्याला आता आठ महिने झाले. देवराम इकडे फिरकत नाही. हिरामण कधी खिळे घ्यायला आला की सांगतो. औषधं आता मालकाच्या गोदामात कुलपात असतात, देवराम सामानाला पिंपळगावला जातो, स्नेहल अंगणवाडीत जाते. दिनेश ऐकून घेतो आणि खिळे मोजत राहतो.

परवा एक ताई आल्या होत्या. स्वयंपाकघरातलं कपाट त्या स्वतःच्या हाताने करत होत्या. माझ्यासारखीच एक पिवळी जोडी उचलून त्यांनी विचारलं, "पितळी आहेत का या?" दिनेश थोडा थांबला. मग म्हणाला, "नाही ताई. लोखंड आहे, वरून मुलामा आहे. वर्षातून दोनदा तेल द्या, चांगल्या टिकतील." ताईंनी त्या आनंदाने घेतल्या. त्या बिजागऱ्यांचा मला हेवा वाटला. त्यांना तेल मिळेल.

कारण मित्रांनो, लोखंड असणं हा काही गुन्हा नाही. मला कुणी खरं नाव दिलं असतं, तर देवरामच्या बुधलीतले दोन थेंब माझ्याही वाट्याला आले असते, आणि मी ते दार पंचवीस वर्षं धरून ठेवलं असतं. वस्तू असो की माणूस, तो जसा आहे तसा सांगा, म्हणजे त्याला जपता येतं. आणि कधी कुणाशी खोटं बोललात, तर ते निस्तरायला वेळ लावू नका. ज्याच्याशी बोललात, त्याच्याकडेच जा. दुसऱ्या दहा जणांशी खरं वागून त्याची भरपाई होत नाही.

मागच्या रविवारी दिनेशने अस्सल पितळेची एक जोडी कागदात बांधली, खिशात ठेवली आणि गाडी काढली. अर्ध्या तासाने तो परत आला. कागदाची पुडी त्याने उघडलीसुद्धा नाही. तशीच माझ्याशेजारी ठेवून ड्रॉवर लोटला.

दुकानापासून देवरामची बाग मोटारसायकलवर पंधरा मिनिटांवर आहे. पंधरा जायला, पंधरा यायला.